अंगठ्याचं देणं

जिंतूरच्या तहसील कचेरीसमोर टंकलेखनाचं टेबल मांडून मी संसार केला. प्रतिज्ञापत्रं, वारस नोंदीचे अर्ज, संमतीपत्रं, फेरफारावरच्या हरकती असा मजकूर लोक तोंडी सांगत किंवा खरडून आणत, आणि मी तो टंकून देई. मशीन रेमिंग्टन कळफलकाचं, जड हाताचं. तीन कार्बन घातले की कळ बळ लावून मारावी लागे, नाहीतर शेवटची प्रत फिकी येई. खरीप तोंडावर आला की पीककर्जाच्या कागदांसाठी लोकांची रीघ लागे आणि दिवेलागण होऊन गेली तरी मान वर होत नसे. या कामानं मला घर दिलं, मुलांची शिक्षणं पार पाडली. त्याच कामानं डोकेदुखीही दिली. ती कुणाकुणामुळे आटोक्यात आली हे एकदा लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं, कारण ज्यांचं हे देणं आहे त्यांतल्या कुणीही ते कधी मागितलं नाही.

दुखणं असं होतं: दुपार कलली की मानेमागून, जिथं कवटी संपते तिथून, ताण वर चढू लागे. मग कपाळाला आणि दोन्ही कानशिलांना वेढा पडे. डोक्याला ओला फेटा बांधावा आणि तो उन्हात वाळत वाळत आवळत जावा, तसं. ठणका नाही, उलटी नाही, उजेडाचा त्रास नाही. त्यामुळे ही अर्धशिशी नव्हे एवढं चारचौघं सांगत. मग काय आहे, ते कुणाला सांगता येत नसे. पित्त झालंय, नंबर वाढलाय, फार विचार करतोस. मी चष्मा बदलला, पित्तावरची चूर्णं खाल्ली. डोकं ठरल्या वेळी दुखतच राहिलं.

मग गोळी सुरू झाली. औषधाच्या दुकानात नुसतं ‘डोक्याची गोळी’ म्हटलं तरी मिळे. चहाबरोबर घेतली की तासाभरात वेढा सैल पडे. सुरुवातीला आठवड्याला एखादी पुरायची. पुढं ती रोजची झाली, मग दोन्ही वेळची. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी गोळ्यांचं पाकीट असायचंच. त्या गोळीनंच दुखण्याला खतपाणी मिळतंय हे मला ठाऊक नव्हतं, आणि जाणून घ्यावं असंही कधी वाटलं नाही.

मावशी माझ्या टेबलाशी आल्या त्या संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करायला. चारठाण्याकडच्या होत्या. नवरा वारलेला, लेक सासरी. जिंतुरात बाळंतिणींना आणि तान्ह्या लेकरांना तेल लावून न्हाऊ घालायचं काम करत. मी अर्ज टंकत होतो आणि मधूनमधून डाव्या हातानं मान धरत होतो. अंगठा उठवायची वेळ आली. शाईचं पॅड पुढं केलं. कागदावर उठला तो नुसता काळा ठिपका, रेषा जवळजवळ नाहीतच. तेलानं, राखेनं, धुण्याभांड्यानं अंगठ्याचं पेर गुळगुळीत झालेलं. मी पुन्हा ठसा घेतला, पुन्हा तेच. मावशींचं लक्ष कागदावर नव्हतं. माझ्या मानेवर होतं.

‘डोकं दुखायलंय का रे बाबा?’

‘रोजचंच आहे, मावशी.’

‘बघू.’

मी हो-नाही म्हणायच्या आत त्या खुर्चीमागं आल्या. मान आणि खांदा जिथं मिळतात तिथलं डावीकडचं मांस त्यांनी बोटांत आणि अंगठ्यात धरलं. आत ताठलेला दोर होता. त्यावरून अंगठा सावकाश सरकवत त्या एका जागी थांबल्या, आणि दाबलं. कळ खांद्यातून निघाली, मानेच्या कडेनं कानामागून गेली आणि थेट डाव्या कानशिलात येऊन थांबली, रोज दुखायचं त्याच जागी.

‘कुठं निघतंय?’

मी कानशिलावर बोट ठेवलं.

‘मंग. दुखणं इथलं हाय, लेकरा. डोकं नुसतं ओरडायलंय.’

दाब तसाच ठेवून त्या थांबल्या. वाढवला नाही, सोडला नाही. मला म्हणाल्या, श्वास सोड. अंगठ्याखाली काहीतरी हळूहळू मऊ होत गेलेलं मला आतून कळलं, आणि कानशिलातली कळ त्याबरोबर उतरत गेली. गोळीशिवाय डोकं उतरल्याची ती किती वर्षांतली पहिली दुपार होती, सांगता येणार नाही. अर्जाचे पैसे मी घेतले नाहीत. त्यांनी ते टेबलावर ठेवलेच, आणि गेल्या.

हा हात त्यांना कुठून मिळाला, हे मी पुढं विचारलं. साठच्या दशकात आमच्याच तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचं धरण उभं राहत होतं. मावशी तेव्हा पोरसवदा. मातीच्या पाट्या डोक्यावरून वाहायचं काम. संध्याकाळी बायांच्या माना वळत नसत. एक म्हातारी त्या कामावर होती. ती एकेकीला पुढ्यात बसवून खांदे दाबायची आणि दाबता दाबता ‘कुठं निघतंय?’ असं विचारायची. मावशी तिच्याकडून शिकल्या. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर त्याच विद्येचा बायांना उपयोग झाला. म्हणजे मला जे मिळालं ते त्या मातीच्या पाट्यांखालून आलेलं होतं. त्या म्हातारीचं नाव मावशींनाही आठवत नव्हतं.

आठ-पंधरा दिवसांनी मावशी तहसिलात आल्या की मी मान पुढं करू लागलो. एकदा त्या स्पष्टच म्हणाल्या, ‘मी रोज कुठून येऊ? तुला हात नाहीत का?’ आणि त्यांनी माझा उजवा हात धरून डाव्या खांद्यावर ठेवला. आधी बोटांनी दोर शोधायचा, मग दोरातली गाठ. गाठ सापडली की ओळख एकच: दाबल्यावर रोजचं दुखणं जागं झालं पाहिजे. नुसतं दुखलं तर ती जागा आपली नव्हे. मी पहिल्यांदा जीव खाऊन दाबलं तर त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. सोसेल एवढंच, श्वास अडकणार नाही एवढंच. वीस-तीस आकडे मोजायचे, सोडायचं, मान हळू दोन्हीकडं फिरवायची, मग पुढची गाठ.

गळ्याच्या कडेनं कानामागून छातीच्या हाडापर्यंत जो तिरपा स्नायू येतो, तो दाबायचा नाही, चिमटीत धरायचा. चिमटीखाली नाडी उडाली तर ताबडतोब हात काढायचा. हे त्यांनी मला दोनदा बजावून सांगितलं. कवटीच्या तळाशी बोटं पुरत नाहीत. तिथं पोरांच्या क्रिकेटचे दोन रबरी चेंडू जुन्या पायमोज्यात बांधून त्यावर उताणं पडायचं, चेंडू मणक्याच्या दोन्ही बाजूंना, मणका मधल्या खाचेत. पायमोज्याची युक्ती माझी. शिकवणीत मी घातलेली भर एवढीच. आधी तव्यावर तापवलेल्या खड्या मिठाच्या पुरचुंडीनं शेकायचं, मग बोटांना करडईचं तेल लावायचं, कारण आमच्या भागात घरात तेच असतं.

मावशींना कुठं थांबायचं तेही कळत होतं. गल्लीतल्या एका पोराला ताप होता, मान ताठली होती, हनुवटी छातीला टेकत नव्हती. त्याच्या आईनं मावशींना तेल लावायला बोलावलं. मावशींनी कपाळाला हात लावला, मान बघितली आणि वाटी खाली ठेवली. ‘याला तेल नाही, दवाखाना. आत्ताच्या आत्ता.’ ताप आणि ताठलेली मान म्हणजे मेंदूज्वराची शंका घ्यावी, हे मी नंतर डॉक्टरांकडून ऐकलं. त्यांनी आणखीही सांगितलं: विजेसारखं एकदम उसळलेलं दुखणं, बोबडी वळणं, हातापायातलं बळ जाणं, डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं, पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेलं दुखणं, यांतलं काही असलं तर घरी दाबत बसू नये. हा मजकूर लिहिताना तेवढं सांगितल्यावाचून मला पुढं जाववत नाही.

डॉक्टरांकडं मी गेलो तेही मावशींच्या आग्रहानं. खांदा सैल व्हायचा, पण सकाळी उठतानाच डोकं जड असायचं. पाकीट खिशातून सुटलं नव्हतं. मावशींनी ते बघितलं आणि म्हणाल्या, ‘ह्याचं मला कळत नाही. ज्याला कळतंय त्याला दाखव.’ तेव्हाचं औरंगाबाद, तिथलं घाटी रुग्णालय. बाह्यरुग्ण विभागातल्या एका तरुण डॉक्टरांनी मला गर्दीतही वेळ दिला. महिन्यातले किती दिवस डोकं दुखतं, आणि किती दिवस गोळी, असं वेगवेगळं विचारलं. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस आणि ३ महिन्यांहून अधिक काळ असं चाललं, तर ताणाची डोकेदुखी जुनाट झाली असं धरतात, हे तिथं कळलं. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ दिवस किंवा मिश्र गोळी १० दिवस, एवढं झालं की गोळीच डोकं दुखवायला लागू शकते, हेही कळलं. माझी गोळी मिश्र होती, तीत कॅफिन होतं, वर चहाचं कॅफिन निराळं. रात्री घ्यायला अमिट्रिप्टिलिनची अगदी कमी ताकदीची गोळी त्यांनी काही महिन्यांसाठी दिली, आणि खिशातलं पाकीट बंद करायला सांगितलं. सोडल्यावर आधी दुखणं वाढेल, म्हणाले, तेवढे दिवस काढा.

ते दिवस वाईट गेले. डोकं उचलवत नव्हतं, हात थरथरत, कुणाचा आवाज सहन होत नसे. टेबल बंद ठेवावं लागलं. मावशी रोज संध्याकाळी घरी आल्या. बायकोला शेजारी बसवून तिचीही बोटं माझ्या मानेवर ठेवून दाखवली. या दोघी नसत्या तर मी औषधाच्या दुकानाकडं निघालोच असतो. आठवडा उलटता उलटता एका सकाळी उठलो आणि डोक्यात काही नव्हतं. नुसतं हलकं. मला आधी ते ओळखूच आलं नाही.

पुढची गाठ माझ्या पुतणीनं सोडवली. ती फिजिओथेरपी शिकत होती. सुट्टीत आली आणि माझ्या टेबलाशी तासभर बसून मला काम करताना बघत राहिली. मजकुराचा कागद मी डावीकडं टेबलावर आडवा ठेवी. सबंध दिवस मान डावीकडं आणि खाली. टेबल उंच, म्हणून खांदे कानाकडं चढलेले. ओळ संपली की डावा हात उचलून गाडी मागं ढकलायची, दिवसातून हजारदा. ‘काका, तुम्ही संध्याकाळी सोडवता आणि दिवसा पुन्हा बांधता,’ ती म्हणाली. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो असतं, ते पुढं झुकलं की मानेमागच्या स्नायूंना सतत ओढून धरावं लागतं, हे तिनं सांगितलं. सुताराकडून टेबलाचे पाय कापून घेतले. कागद डोळ्यांसमोर राहावा म्हणून लाकडी तिरपी फळी करवून घेतली. त्या दोन गोष्टींनी जेवढं काम केलं तेवढं कुठल्या तेलानं केलं नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे.

तिच्याकडे एक जाडजूड पुस्तक होतं. जॅनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स या दोन अमेरिकन डॉक्टरांचं. पहिला खंड १९८३ चा. ट्रॅव्हेलबाई राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या डॉक्टर होत्या. त्या पदावरची ती पहिली स्त्री. केनेडींची पाठ त्यांनी बघितली आणि एक पाय किंचित आखूड असल्याचं ओळखून बुटात उंची घातली. झुलत्या खुर्चीत बसायचा सल्लाही त्यांचाच. दुखणारा स्नायू मोकळा करायचा आणि त्याला पुन्हापुन्हा आवळणारं कारणही शोधायचं, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्याही आधी १९३८ मध्ये लंडनला केलग्रेन नावाच्या डॉक्टरांनी माणसांच्या स्नायूंत मिठाचं पाणी टोचून बघितलं होतं, की टोचलं एका जागी तर दुखतं कुठं. पुस्तकातल्या चित्रांत गाठीच्या जागी फुली आणि दुखणं जिथं उमटतं तिथं लाल ठिपके. पुतणीनं पान उघडलं. खांदा आणि मान मिळतात तिथं फुली. तिथून लाल रेघ मानेच्या कडेनं, कानामागून, कानशिलापर्यंत.

मी पुस्तक घेऊन मावशींकडं गेलो. त्यांना अक्षर येत नव्हतं. चित्र मात्र त्यांनी अंगणात उजेडाकडं धरून बराच वेळ बघितलं, आणि त्या फुलीवर आपला अंगठा ठेवला. ‘ही आपलीच जागा की.’ पानं उलटत गेल्या. काही फुल्यांना मान डोलावली, एकीला ‘असं नसतंय’ म्हणाल्या. शेवटी विचारलं, हे कुणी काढलं? एका डॉक्टरीणबाईंनी काढवून घेतलं, असं मी सांगितलं. ‘लई जणांच्या माना दाबल्या असतील बाईनं,’ मावशी म्हणाल्या, आणि पुस्तक पदरानं पुसून परत दिलं.

या गाठींबद्दल तज्ज्ञांचं एकमत नाही, हेही पुतणीनंच सांगितलं. दोन जाणकारांची बोटं एकाच माणसाच्या खांद्यावर वेगवेगळ्या जागी थांबतात. गाठीत नेमकं काय बिघडतं यावर वाद आहेत. जुनाट दुखण्यात मज्जासंस्थाच हळवी होऊन बसते आणि साधा ताणही दुखणं म्हणून पोचवते, असंही मानतात. मला ते पटतं, कारण झोप नीट झाली नाही, घरात काही बिनसलं, की खांदा सैल असूनही माझं डोकं धरतं.

तेवढा भाग आमच्या गावातल्या एका गुरुजींनी सांभाळला. ते पुण्याला अय्यंगारांच्या पद्धतीनं योग शिकून आले होते आणि उन्हाळ्यात शाळेच्या सभागृहात विनामूल्य शिकवत. बी. के. एस. अय्यंगार मूळ कर्नाटकातल्या बेल्लूरचे, लहानपणी अनेक आजारांनी खंगलेले. १९३७ मध्ये पुण्यात आले आणि पुण्याचेच झाले. १९७५ मध्ये तिथं त्यांची संस्था उभी राहिली. व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन १९५२ मध्ये मुंबईत त्यांना भेटले तेव्हा ते थकलेले होते, अंग आखडलेलं, झोप नाही. योगानं त्यांचा हात पुन्हा मोकळा झाला. पुढं त्यांनी अय्यंगारांना घड्याळ भेट दिलं, त्यावर आपले उत्तम व्हायोलिनगुरू असा उल्लेख कोरून. गुरुजींनी ही गोष्ट सांगितली तेव्हा मला माझी बोटं आणि कळा आठवल्या.

अंगाला आधार मिळाला तरच स्नायू सोडतो, हे अय्यंगारांचं मर्म गुरुजींनी मला घडीच्या सतरंज्यांवर शिकवलं. पाठीखाली एक, डोक्याखाली एक. पुढं वाकून कपाळ स्टुलावर टेकवायचं आणि काहीच करायचं नाही. डोकं धरलं की त्या पद्धतीत कपाळाभोवती मऊ पट्टी गुंडाळतात. मी जुन्या धोतराची पट्टी करून घेतली आहे. हलकी गुंडाळायची, डोळे झाकायचे, पडून राहायचं. टंकताना माझ्या दाढा एकमेकींवर दाबलेल्या असतात, हे गुरुजींनी बघताक्षणी सांगितलं. तोवर ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ सैल, एवढं आता मी कुठंही असलो तरी तपासतो. सकाळी नेमगिरीच्या डोंगराकडं चालत जायची सवयही त्यांचीच. तिथल्या लेण्यांतल्या बसलेल्या जिनमूर्तींचे खांदे बघा म्हणाले. मी आयुष्यभर जिंतुरात राहून ते बघितले नव्हते.

आता महिन्याकाठी एखाद-दुसरा दिवस डोकं धरतं. संध्याकाळी मिठाची पुरचुंडी तापते, चेंडूंचा पायमोजा निघतो. पुतणी याला स्वोपचार म्हणते. बोटं माझी आहेत हे खरं, पण ती कुठं थांबवायची, कधी उचलायची, हे मला दुसऱ्यांनी सांगितलं. माझं म्हणावं असं त्यात फारसं काही नाही.

मावशी थकल्या तेव्हा त्यांच्या निराधार योजनेच्या पगाराचे कागद मीच करत असे. यंत्रावर अंगठा टेकवून ओळख पटवायची पद्धत आली आणि त्यांचा अंगठा लागेना. रेषाच नव्हत्या. बोटं बदलून बघितली, ओल्या फडक्यानं पुसून बघितली. किती लेकरांना न्हाऊ घालून, किती माना सोडवून त्या रेषा गेल्या होत्या, त्या यंत्राला कसं कळावं. शेवटी इलाज सापडला, कागद पुढं सरकले, पण त्या रांगेत त्यांचा हात धरून उभं राहताना मला फार भरून आलं होतं. शेवटच्या वर्षी त्यांचा खांदा आखडला. मी त्यांच्या मागं बसून गाठ शोधली. ‘कुठं निघतंय, मावशी?’ त्यांनी कोपरापाशी बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ‘आणिक थोडं खाली. हां. थांब तिथंच.’ मी थांबलो. त्या गेल्या त्याला आता काही वर्षं झाली. लेकीनं निरोप धाडला होता, मी अंत्यविधीला पोचलो.

कचेरीसमोर आता संगणकांची दुकानं आहेत. शेजारचा ऑपरेटर पोरगा पंचविशीचा. दिवसभर पडद्यापुढं, मधल्या वेळात मान खाली घालून मोबाइल. परवा तो दोन्ही हातांनी कानशिलं धरून बसला होता आणि खिशात पाकीट दिसलं. महिन्यातले किती दिवस दुखतं ते मी विचारलं, किती दिवस गोळी घेतोस तेही वेगळं विचारलं. परभणीच्या डॉक्टरांची वेळ घेऊन दिली. मग त्याचा उजवा हात त्याच्याच डाव्या खांद्यावर ठेवला. त्यानं जीव खाऊन दाबलं. मी त्याच्या हातावर चापट मारली आणि वीस मोजायला सांगितले. त्याचं टेबल फार उंच आहे. सुतार सोमवारी येतो म्हणालाय.